डोंबिवली पूर्व जेवला

आमच्याकडे राहायला आलेला एकही कुत्रा उपाशी परत गेलेला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण एरवी मी कुठलीच गोष्ट अशी ठासून बोलत नाही. कडी लावली का, हे मी तीनदा बघते. गॅस बंद केला का, हे चारदा. पण हे एक वाक्य मी कुणाच्याही तोंडावर बोलेन.

आमच्याकडे म्हणजे कल्याणच्या पुढे, मुरबाड रोड सोडून आत. लोक सुट्टीवर गेले, लग्नाला गेले, दवाखान्यात गेले, की त्यांची कुत्री इथे राहायला येतात. जागा काका-काकींची, म्हणजे आमच्या मालकांची. आधी इथे त्यांचा म्हशींचा गोठा होता. म्हशी गेल्या, आणि त्याच लांब छपराखाली जाळी मारून तीस खोल्या झाल्या. काका टेम्पो घेऊन ठाण्या-डोंबिवलीतून कुत्री आणतात आणि परत सोडून येतात. काकी सगळ्यांवर राज्य करतात, काकांवर जरा जास्त. आणि मी स्वयंपाक करते. कुत्र्यांचा. दोन मोठी पातेली भात, एक पातेलं कोंबडी, त्यात भोपळा, गाजर, चिमूटभर हळद. मीठ नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने मीठ घातलेलं आणि मग भाताचं सगळं पातेलं गावातल्या कोंबड्यांना गेलं. मला वाटलं, गेली नोकरी. काकी म्हणाल्या, "कोंबर्‍यांची चैन झाली आज," आणि विषय संपला.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. आई आजारी पडली, धाकटा भाऊ लहान होता, घरात चुलीपाशी कोणीतरी पाहिजे होतं. पुढे चुलत बहिणीच्या ओळखीने इकडे आले. डोंबिवलीला पॅकिंगचं काम केलं, ते बंद पडलं. मग एक खोली भाड्याने बघितलेली. घरमालकिणीने आडनाव विचारलं, आणि दुसर्‍या दिवशी ती खोली आधीच दिलेली निघाली. तेव्हापासून मी आडनाव कुणाला विचारत नाही. आपण विचारलं की समोरचा पण विचारतो. काकींनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "भात शिजवता येतो क? मंग र्‍हा." मागच्या बाजूची खोली दिली, नवी उशी दिली. त्या उशीवर मी पहिल्या रात्री डोकंच ठेवलं नाही, मळेल म्हणून. इतकी मी घाबरट, आणि इतकं त्यांचं देणं.

कुत्र्यांना आम्ही त्यांच्या नावाने हाक मारत नाही. एकाच वेळी चार जणांचं नाव तेच असायचं, एकाला बोलावलं की चौघं उठायचे आणि पाचवा उगाच भुंकायचा. म्हणून ज्याचं जे ठिकाण, ते त्याचं नाव. "टेंभी नाक्याचं पोट बिघडलंय." "माजिवड्याला आंघोळ घाल." "खडकपाडा रात्रभर रडला, आज त्याला काकांच्या खाटेजवळ बांधा." नवीन माणूस ऐकेल तर म्हणेल, ह्या लोकांच्या ताब्यात अख्खा जिल्हा आहे.

आणि दुसरा एक नियम होता, जो काकी म्हशींच्या दिवसांपासून घेऊन आलेल्या. धार काढताना कोणी बोलायचं नाही. बोललं की म्हैस पान्हा चोरते. तोच कायदा त्यांनी कुत्र्यांच्या जेवणाला लावला. संध्याकाळी भांडी ठेवायला सुरुवात झाली की सगळ्यांची तोंडं बंद. काकांचा फोन बंद. मी तर अशी पाऊल टाकायचे की चप्पल पण वाजू नये. आणि खरं सांगायचं तर मला तो नियम आवडायचा. बोलायचं नाही म्हटल्यावर चुकायचं पण नाही.

डोंबिवली पूर्व आला तो मे महिन्यातल्या एका रविवारी. सगळ्या खोल्या भरलेल्या. हा तपकिरी, गावठी, एक कान दुमडलेला, नऊ वर्षांचा. त्याला घेऊन एक ताई आलेल्या, बेंगलोरहून. कुत्रा त्यांचा नव्हता, त्यांच्या आईचा. आई म्हणजे रिटायर शाळाबाई, डोंबिवलीत एकट्या राहणार्‍या. पिल्लू असताना गटाराच्या कडेला सापडलेला हा, तेव्हापासून दोघंच.

ताईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, पण मी भांडी घासत तिथेच होते, मला सगळं ऐकू आलं. बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन. गुरुवारी सकाळी. बुधवारी रात्री ॲडमिट व्हायचं. दोन वेळा बाईंनी ते पुढे ढकललं होतं, आणि दोन्ही वेळा ह्या कुत्र्यापायी. एकदा नातेवाइकांकडे ठेवला तर तीन दिवस पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. बाई रिक्षा करून गेल्या आणि घेऊन आल्या.

"डॉक्टर म्हणतात, आता थांबायचं नाही," ताई म्हणाल्या. "पण आईने अट घातलीय. बुधवार संध्याकाळपर्यंत तो नीट जेवला तरच ती दवाखान्यात जाणार. नाहीतर इथे येऊन त्याला नेणार. आणि ती नेईल, काका. तुम्ही ओळखत नाही तिला."

"जेवल, जेवल," काका म्हणाले. "आमच्याकडे सगळे जेवतात."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही करता ना जेवण?"

मी मान हलवली. 

रविवारी तो जेवला नाही. ठीक आहे, पहिल्या दिवशी बरेच जेवत नाहीत. सोमवारी मी त्याच्यापुरती वेगळी कोंबडी मऊ केली, हाडं काढून. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पाय जवळ घेऊन बसला. मी अंडं दिलं. नाही. काकी म्हणाल्या, "थांब, आता सुकट आनते. सुकटीला नाय बोलनारा कुत्रा जनमाला यायचा हाय." सुकट भाजल्यावर त्या वासाने एकोणतीस कुत्री जाळीला लागली. टेंभी नाक्याने तर भांडंच उलटं केलं. डोंबिवली पूर्वने एकदा नाक वर केलं आणि तोंड फिरवलं. काकींना ते लागलं. "शिकलेल्या घरचा हाय," त्या रागाने म्हणाल्या, "आमची सुकट नाय चालत त्याला."

रोज रात्री आठ वाजता बाईंचा फोन यायचा. काकांच्या फोनवर, पण आवाज असा खणखणीत की मला दोन हातांवरून ऐकू यायचा.

"जेवला का?"

"थोडं चाटलं, बाई," काका म्हणाले.

"चाटणं म्हणजे जेवणं नव्हे."

काका साठीचे आहेत. फोन कानाला असताना ते सरळ उभे राहिले.

मीच काकांना खुणेने सांगितलं, विचारा, घरी कसा जेवतो. त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "साडेसातला, माझ्याबरोबर. भात आणि कोंबडी. त्याचे काही नखरे नाहीत हो, फार शहाणा आहे."

माझ्याबरोबर! मला वाटलं, सापडलं. मंगळवारी संध्याकाळी मी माझं ताट घेऊन त्याच्या खोलीत जाऊन बसले. साडेसात वाजता, मांडी घालून, त्याच्यासमोर. नियम होता म्हणून एक शब्द न बोलता जेवले. तो माझ्या शेजारी सरळ बसला होता, पुढचे दोन पाय जुळवून. भांड्याकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. मी घास घेतला की त्याचा कान हलायचा आणि मग पडायचा. जणू मीच काहीतरी विसरले होते आणि तो सभ्यपणे वाट बघत होता. माझं जेवण संपलं. त्याचं भांडं तसंच.

त्या दिवशी फोनवर काका खोटं बोलले नाहीत. त्यांना जमलंच नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत. बॅग भरून ठेवली आहे. ती घेऊन एकतर मी दवाखान्यात जाईन, नाहीतर तुमच्याकडे येईन."

काकी म्हणाल्या, "ती बाय मरल, पन कुत्र्याला उपाशी नाय ठेवनार."

मी पातेलं घासत राहिले. स्वच्छ झालेलंच घासत राहिले. माझ्या हातचं न खाल्ल्यामुळे एका बाईचं ऑपरेशन राहणार, आणि पुढे काय होणार ते डॉक्टरांनी सांगितलेलंच. मला आठवीपर्यंतचंच येतं, पण एवढा हिशोब येत होता.

बुधवारी दुपारी काकांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना आणलं. ताप नाही, दात ठीक, पोट ठीक. "मन लागत नाहीये," डॉक्टर म्हणाले. ते तर आम्हाला पण माहीत होतं.

सात वाजता लाईट गेली. मे महिन्यात आमच्याकडे ती जातेच. छपराखाली एकदम काळोख झाला. काका बॅटरी घेऊन पलीकडच्या टोकापासून भांडी भरायला गेले, काकी बादली घेऊन त्यांच्या मागे. ह्या टोकाला मी एकटी. मी माझ्या खोलीतून एक मेणबत्ती आणली. माझ्याकडे मेणबत्त्या असायच्याच. का, ते सांगते पुढे. डोंबिवली पूर्वच्या खोलीसमोर एका विटेवर ती लावली, जाळी उघडली, आणि भांडं ठेवायला वाकले.

तो उठला.

तीन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठला. शेपटी हलवली, लहानशी, दोनदा. मेणबत्तीपाशी आला. तिच्यापासून एक हात अंतर ठेवून सरळ बसला, पुढचे पाय जुळवले. आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

मला तो बसायचा प्रकार माहीत होता. माझा धाकटा भाऊ अगदी असाच बसायचा. मेणबत्ती लावलेली, वडील हात जोडून उभे, आम्ही मागे. वंदना होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. भाऊ एक डोळा मेणबत्तीवर आणि एक भाकरीवर ठेवून बसायचा.

मी जागच्या जागी थिजले. बाईंचं आडनाव मला माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. पण आता आडनावाची गरज नव्हती. नऊ वर्षं रोज साडेसातला त्या घरात आधी मेणबत्ती, मग त्रिसरण पंचशील, मग जेवण. बाईंनी ते फोनवर सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? आपण श्वास घेतो हे कोण सांगतं? आणि त्यांची मुलगी दहा-बारा वर्षं बेंगलोरला. तिने ह्याला मेणबत्तीपाशी बसलेलं बघितलंच नसेल.

हे मला एका झटक्यात कळलं, आणि दुसर्‍या झटक्यात घाम फुटला. कारण मी पण रोज वंदना करायचे. माझ्या खोलीत, दार लावून, मेणबत्ती पेटवून, ओठ मिटून. बुद्धाची छोटी मूर्ती माझ्या पेटीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली, ती वंदनेपुरती बाहेर यायची आणि परत आत जायची. काकींनी मला कधी काही म्हटलं नव्हतं. पण त्या खोलीवाल्या मालकिणीने पण आडनाव विचारेपर्यंत काही म्हटलं नव्हतं. चौदा महिने मी ह्या घरात एकदाही मोठ्याने वंदना म्हटली नव्हती. आणि वर जेवणाच्या वेळी बोलायचं नाही हा नियम.

तो वाट बघत होता.

मी हात जोडले आणि हळू आवाजात सुरुवात केली. त्याचा दुमडलेला कान उभा राहिला. तो कान उभा राहू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मी त्रिसरण म्हटलं आणि थांबले. तो हलला नाही. भांड्याकडे बघितलं पण नाही. अर्ध्यावर सुटका नव्हती. मग मी म्हटलं, जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे, आणि पंचशील घेतलं ते घरी घ्यायचे तशा आवाजात. वडिलांच्या मागे उभं राहून घ्यायचे तशा. छपराखाली आवाज घुमला. सगळी कुत्री खाताना थांबली. टेंभी नाक्याने भांड्यातून मान वर काढली, ऐकलं, आणि आपल्याशी संबंध नाही असं बघून परत घातली. एक पण भुंकला नाही.

संपलं. डोंबिवली पूर्वने अंग झटकलं, आळस दिला, आणि भांड्यात तोंड घातलं.

भात खाल्ला. कोंबडी खाल्ली. गाजर पण खाल्लं, जे कोणीच खात नाही. भांडं चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत नेलं आणि परत माझ्याकडे बघितलं. मी अजून वाढलं. तेही खाल्लं.

मागे वळले तर काकी उभ्या. हातात बादली. काका त्यांच्या मागे, एका हातात बॅटरी, दुसर्‍या हातात फोन. ते सगळं व्हिडिओत घेत होते.

"काकी, मी... नियम मोडला," मी म्हणाले.

"अगो गप," काकी म्हणाल्या. "तो खातंय ना?" मग बादली खाली ठेवून माझ्याजवळ आल्या. "येवरा पाठ हाय तुला, नि चवदा महिने त्वांड शिवून बसलीस? कनाला? आमाला भ्यालीस?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "हो."

काकींना हे लागलं, सुकटीपेक्षा जास्त. मग काकांकडे वळल्या. "बगलास? म्हशीचा कायदा कुत्र्याला लावला आमी. नि ही पोर आमचे घरान राहून मुकी झाली." आणि माझ्याकडे बोट करून, "उद्या तुजा देव बाहेर कार पेटीतून."

"देव नाही म्हणत आम्ही, काकी."

"मंग जो कोन हाय तो. त्याला क पेटीन गुदमरवतंस? फळी मारून दे रे हिला, भिंतीला."

"आत्ता? काळोखात?" काका म्हणाले.

"उद्या बोलले मी. नीट ऐकत जा."

आठ वाजले आणि फोन वाजला. काकांनी तो न उचलता माझ्या हातात दिला. माझे हात भाताचे होते.

"जेवला का?"

"जेवला, बाई. दोनदा वाढलं."

"कोण बोलतंय? खरं सांगा मला."

"मी स्वयंपाक करते इथे. खरंच जेवला." मग मी सगळं सांगून टाकलं. लाईट गेली ते, मेणबत्ती, पंचशील. पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, फोन कट झाला.

"बाई?"

"आहे," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं माझ्या शेजारी बसतोय. मला वाटायचं, माझ्या सोबतीला बसतो." मग त्यांचा तो खणखणीत आवाज परत आला, पण आमच्यासाठी नाही, घरातल्या कुणासाठी तरी. "अगं, ती बॅग उचल. निघू या. दवाखान्यात, आणखी कुठे?"

काकींनी ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "डोळ्यात काय गेलं काय?" काकी म्हणाल्या, "तुजी बॅटरी गेली. दुसरीकरं फिरव."

गुरुवारी सकाळपासून आमच्यात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. मी भात करपवला. काकांनी माजिवड्याला दोनदा आंघोळ घातली, तो बिचारा तक्रार पण करेना. तीन वाजून गेल्यावर ताईंचा फोन आला. काकांनी ऐकलं, मान हलवली, आणि एवढंच म्हणाले, "झालं. शुद्धीवर आल्यात."

काकी छपराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "झाला रे झाला! बाय वाचली!" तीसच्या तीस कुत्री भुंकायला लागली. खडकपाडा, टेंभी नाका, माजिवडा, डोंबिवली पूर्व आणि पश्चिम. कान फुटायची वेळ आली. गप्प करायला कोणी गेलं नाही. काका पण भुंकले. मी स्वतः ऐकलं.

फळी शुक्रवारी लागली. काकांनी ती एका बाजूला जरा तिरकी ठोकली आहे. रोज मूर्तीकडे बघताना मला वाटतं ती घसरेल, म्हणून मी तीनदा बघते. अजून घसरलेली नाही.

पुढच्या आठवड्यात ताईंनी फोन लावला आणि बाईंना दिला. आवाज बारीक झाला होता, पण होता त्यांचाच.

"व्हिडिओ बघितला. पाठ चांगलं आहे तुझं. आवाज पण चांगला आहे. घरी कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"त्यांना सांग, चांगलं शिकवलंय. फक्त शेवटी शेवटी घाई करतेस. पळून जायचंय कुठे?"

"नाही, बाई."

"मग हळू म्हण. त्याला चालतं. तो थांबतो." दम लागला तशा त्या थोड्या थांबल्या. "कितवीत सोडलीस शाळा?"

"आठवीत."

"हं. बरी होऊन आले की बघू त्याचं."

त्या संध्याकाळी साडेसातला मी छपराखाली मेणबत्ती लावली. आता काकींचा नवीन नियम आहे. भांडी आधी भरायची, पण माझं म्हणून झाल्याशिवाय कुणासमोर ठेवायची नाहीत. डोंबिवली पूर्व येऊन बसला. मी सुरुवात केली, आणि शेवटाकडे आले तेव्हा एकेक शब्द सावकाश, पूर्ण सोडत गेले. पलीकडे टेंभी नाका कुरकुरायला लागला. त्याला भूक सहन होत नाही. काकी त्याला म्हणाल्या, "थांब रे. तिला नीट बोलू दे."